धावपट्टीवरचा खडा

एफओडी म्हणजे फॉरेन ऑब्जेक्ट डॅमेज. बाहेरच्या वस्तूमुळे विमानाला झालेली इजा, हा त्याचा मूळ अर्थ. जेट इंजिन हवा ओढून घेतं, तिच्याबरोबर जमिनीवरचा खडाही आत जातो. वेगानं फिरणाऱ्या पात्यावर त्यानं पाडलेला बारीक टवकाही पुढे तडा होऊ शकतो. कालांतरानं शेवटच्या अक्षराचा ‘डेब्रिस’ असाही अर्थ रूढ झाला, म्हणजे ती वस्तूच. हवाई दलात आम्ही दोन्हींना ‘फॉड’ म्हणायचो.

लोहगावच्या तळावर उड्डाणांआधी ‘फॉड वॉक’ व्हायचा. हातभर अंतर ठेवून सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं आणि टारमॅकवरून सावकाश चालायचं, नजर खाली. अधिकारी असो की नवा एअरमन, वाकून खडा उचलायचाच. लॉकिंग वायरचा तुकडा, वॉशर, स्प्लिट पिन, टायरच्या खाचेतून आलेली खडी असं काहीबाही सापडायचं. पावसाळ्यात कडेची माती वाहून येई, तेव्हा काम वाढे. कोवळ्या तिरप्या उन्हात धातूचा तुकडा लांबूनच चमकायचा.

अवजारांची शिस्त याहून कडक, कारण विमानात विसरलेला पान्हाही फॉडच. पेटीत प्रत्येक पान्ह्याला त्याच्याच आकाराची खाच असते. काम संपल्यावर एक जरी खाच रिकामी दिसली, तरी पान्हा सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. हवाई दलातल्या सगळ्या शिस्तींत मला हीच सर्वांत मोलाची वाटते.

खडा आत जाऊ नये म्हणून सुखोई-३० जमिनीवर असताना इंजिनाच्या हवामार्गात जाळी आडवी येते. मिग-२९ तर पुढचं तोंडच मिटून घेतं आणि पंखाच्या मुळाशी, वरच्या फटींतून हवा घेतं. पण टायरला असं कवच नसतं. २५ जुलै २००० रोजी पॅरिसमध्ये दुसऱ्या विमानातून पडलेली सुमारे ४३ सेंटिमीटरची धातूची पट्टी काँकॉर्डच्या टायरखाली आली. टायरचा तुकडा पंखातल्या इंधनटाकीवर आदळला, आग लागली आणि ११३ माणसं गेली.

इंजिनात शिरणारा पक्षीही फॉडच, आणि तो चालत जाऊन उचलता येत नाही. उघड्यावरच्या कचऱ्यावर घारी जमतात. म्हणूनच विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत कचरा टाकायला १९३७च्या विमान नियमांनी बंदी घातली. लोहगावची धावपट्टी लढाऊ आणि प्रवासी विमानं दोन्ही वापरतात. धानोरी, विमाननगर, लोहगावच्या रहिवाशांनो आणि हॉटेलवाल्यांनो, उरलंसुरलं अन्न आणि मटणाचा कचरा उघड्यावर टाकू नका.