नव्या मोटारसायकलची मागची बाजू

नवी मोटारसायकल दारात आली, तिला हार घालून झाला, पेढे वाटून झाले, की घरातल्या तरुण मुलाची नजर प्रथम जाते ती तिच्या मागच्या बाजूकडे. पुढून गाडी देखणी असते, पण मागे मडगार्डचे ते लांब लोंबते शेपूट, त्यावर नंबर प्लेट, बाजूला काळ्या दांड्यांवरचे इंडिकेटर, डाव्या अंगाला साडी गार्डची जाळी. कंपनीने एवढी सुंदर गाडी बनवली आणि मागे हे काय लावून ठेवले, असे त्याला वाटते. मग एखाद्या रविवारी अंगणात दहा नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि चिकटपट्टी यांच्या साहाय्याने काम सुरू होते. संध्याकाळपर्यंत शेपूट गेलेले असते, जाळी माळ्यावर पडलेली असते आणि बाजारातून आणलेला एक छोटासा पत्रा नंबर प्लेटला कसाबसा धरून असतो. त्याला दुकानात 'टेल टायडी' म्हणतात.

या मुलांपैकी काही आपल्या अकरावी-बारावीच्या वर्गात बसलेली असतात. त्यांना 'असे करू नका' एवढेच सांगितले तर काय होते, ते शिक्षकांना आम्ही सांगायला नको. शिवाय हाताने काही उघडून पाहण्याची, बदलून पाहण्याची हौस ही विज्ञानशिक्षकाला नकोशी वाटावी अशी गोष्टही नाही. तेव्हा, त्या मागच्या बाजूला जे जे लावलेले आहे ते तिथे कशासाठी आहे, हेच आपण पाहू. एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. गाडीच्या पुढच्या भागातील बहुतेक वस्तू चालवणाऱ्याच्या कामाच्या असतात. मागच्या भागातील बहुतेक वस्तू मागे बसणाऱ्याच्या किंवा मागून येणाऱ्याच्या कामाच्या असतात. म्हणून त्या काढल्या तरी चालवणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही.

थेंब कुठे जातो?

प्रथम मडगार्ड. गाडी ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर वेगाने ओल्या रस्त्यावरून चालली आहे असे समजा. टायरची त्रिज्या साधारण ३० सेंटिमीटर धरू. टायरला चिकटलेल्या थेंबाला त्या वर्तुळात फिरत ठेवायचे तर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे सुमारे ५२० मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण लागते. हे गुरुत्वत्वरणाच्या ५० पटींहून अधिक झाले. पाणी आणि रबर यांच्यातील चिकटपणाला एवढे बळ पुरवता येत नाही, म्हणून थेंब सुटतो आणि स्पर्शरेषेच्या दिशेने जातो. इथपर्यंतचे पाठ्यपुस्तकातही असते.

आता वर्गाला एक प्रश्न विचारून पाहावा. चाकावरून सुटलेला थेंब रस्त्याच्या सापेक्ष मागे जातो की पुढे? बहुतेक सगळे 'मागे' म्हणतील, कारण चिखल मागच्या माणसाच्या अंगावर उडतो हे सर्वांनी अनुभवलेले असते. पण न घसरता गडगडणाऱ्या चाकाच्या कडेवरील कोणताही बिंदू रस्त्याच्या सापेक्ष कधीच मागे जात नाही. रस्त्याला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, बाकीचे सगळे पुढेच जात असतात. गाडीच्या सापेक्ष थेंब मागे सुटतो हे खरे, पण गाडी स्वतः त्याच वेगाने पुढे चाललेली असते. चाकाच्या मागच्या खालच्या चतुर्थांशातून ४५ अंशांच्या कोनात सुटलेला थेंब रस्त्याच्या सापेक्ष गाडीच्या वेगाच्या सुमारे ०.३ पट वेगाने पुढे आणि ०.७ पट वेगाने वर जातो. मग मागच्याच्या डोळ्यांत तो जातो कसा? थेंब त्याच्याकडे येत नाही, तोच थेंबावर जाऊन आदळतो. तोही ताशी ४५ किलोमीटरने येत असेल तर त्याची आणि थेंबाची गाठ ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगाने पडते. थेंबाबरोबर वाळूचे बारीक कणही असतातच.

चाकाच्या अगदी मागच्या बिंदूवरून सुटलेला थेंब गाडीच्या सापेक्ष सरळ वर जातो. हवेचा रोध धरला नाही तर तो जवळजवळ आठ मीटर उंच जाईल! त्याच्याही वरच्या भागातून सुटलेले थेंब वर आणि पुढे जातात. त्यांची नक्षी चालवणाऱ्याच्या पाठीवर उमटते. शेपूट कापणाऱ्याला शिक्षा होते ती एवढीच.

हा प्रयोग शाळेत सायकलवर सहज होतो. सायकल स्टँडवर उभी करावी, मागच्या टायरवर गेरूचे पाणी थेंब थेंब सोडत हाताने पेडल फिरवावे आणि मागे भिंतीला जुनी वर्तमानपत्रे लावावीत. मडगार्ड असताना आणि काढल्यावर कागदावर उमटणारे ठिपके मुलांनी मोजावेत. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवण्याची काळजी मात्र घ्यावी. मडगार्ड थोडे थोडे आखूड करत गेले (जाड पुठ्ठ्याचे केले की हे जमते) तर ठिपके कोणत्या लांबीला एकदम वाढतात तेही कळेल.

ओढणी आणि चाक

साडी गार्ड ही खास आपल्याकडची वस्तू. मागे एका बाजूला पाय सोडून बसण्याची आपली पद्धत, आणि पदर, ओढणी, धोतराचा सोगा हे आपले वेष, यांमुळे ती आली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ क्रमांकाच्या नियमानुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे साधन मोटारसायकलला असलेच पाहिजे. पण नियमापेक्षा गणित अधिक बोलके आहे.

गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर. टायरचा परीघ १.९ मीटर धरला तर चाक सेकंदाला जवळजवळ ६ फेरे करते. ओढणीचे टोक आऱ्यांत शिरून मधल्या भागाभोवती, १० सेंटिमीटर त्रिज्येवर गुंडाळू लागले असे समजा. प्रत्येक फेऱ्यात ६३ सेंटिमीटर कापड आत ओढले जाईल. सव्वादोन मीटरची ओढणी संपायला सेकंदाचे सहा दशांशही लागत नाहीत. मागची बाई ओरडणार, ते चालवणाऱ्याला ऐकू येणार, तो ब्रेक दाबणार, गाडी थांबणार. त्या वेगाला नुसते थांबण्यातच दोन सेकंदांहून जास्त जातात.

मुले विचारतील, ओढणी हाताने घट्ट धरली तर? इथे घर्षणाचा एक सुंदर आणि क्रूर नियम आड येतो. मारका बैल आवरताना शेतकरी दाव्याचे दोन वेढे खुंट्याला देतो आणि टोक एका हाताने सहज धरून ठेवतो. वेढ्यागणिक पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ असेल तर एका वेढ्याने साडेसहा पट, दोन वेढ्यांनी ४३ पट, तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. म्हणजे कापडाचे आतले टोक केवळ १०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने कुठे दाबले गेले, तरी तिसऱ्या वेढ्यानंतर ते २८ किलो वजनाचा ओढा सहन करील. शेतकऱ्याला जे बळ बैलाविरुद्ध मदत करते तेच इथे माणसाविरुद्ध काम करते, आणि ओढणी बहुतेक वेळा गळ्याभोवती असते. वर्गात एक गोल दांडा, सुतळी, वजनाची किलोची पिशवी आणि स्प्रिंग-काटा घेऊन वेढ्यांचा हा हिशेब पडताळता येतो. आमच्या मते बारावीपर्यंतच्या घर्षणाच्या प्रयोगांत याच्याइतका ठसणारा दुसरा प्रयोग नाही.

हा धोका केवळ दुचाकीचा किंवा आपल्या पोशाखाचा नाही. प्रसिद्ध नर्तिका इसाडोरा डंकन हिचा १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस येथे मृत्यू झाला, तो गळ्यातील लांब रेशमी वस्त्र उघड्या मोटारीच्या मागच्या चाकात गुंतल्यामुळे. जाळी काढणारा मुलगा बहुधा म्हणतो की मागे कोणी बसतच नाही. पण तीच गाडी एखाद्या सकाळी आईला बँकेत सोडायला जाते.

लाल काच

मडगार्डच्या शेपटावर खाली एक लाल चकती असते. बल्ब नाही, वायर नाही, त्यामुळे ती शोभेची आहे असे समजून सर्वांत आधी फेकली जाते. हा परावर्तक. साधा आरसा प्रकाश दुसऱ्या बाजूला पाठवतो, पण एकमेकांशी काटकोनात बसवलेले तीन आरसे प्रकाशाला तीनदा वळवून जिथून आला तिथेच परत पाठवतात. लाल चकतीच्या मागच्या अंगाला असे शेकडो बारीक कोपरे असतात. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या चौकटीतही असेच १०० कोपरे आहेत. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यांवरून परत येतो आणि त्यावरून चंद्राचे अंतर मोजले जाते. तीन चौकोनी आरसे चिकटवून त्या कोपऱ्यात एक डोळा मिटून पाहावे. डोके कुठेही हलवले तरी आपला उघडा डोळा नेमका कोपऱ्यातच दिसतो.

परावर्तकाचे मोल दिवे बंद असतात तेव्हा कळते. पंक्चर झालेली किंवा बॅटरी उतरलेली गाडी रात्री रस्त्याच्या कडेला उभी आहे. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या मोटारीला थांबायला, चालकाचा दीड सेकंद प्रतिसादात गेला असे धरून, कोरड्या रस्त्यावरही ५० मीटरच्या वर अंतर लागते. डिपरच्या प्रकाशात काळी वस्तू साधारणपणे त्याहून जवळ आल्यावरच नीट दिसते. चांगला परावर्तक मात्र १०० मीटरपलीकडून चमकतो. उसाच्या हंगामात ज्यांनी रात्री प्रवास केला आहे त्यांना बिनपरावर्तकाची ट्रॉली म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

परावर्तकालाही मर्यादा आहे. प्रकाश फार तिरपा पडला, सुमारे २० अंशांपलीकडे, की परतणारा प्रकाश झपाट्याने कमी होऊ लागतो. टेल टायडीवर प्लेट आणि चकती आकाशाकडे तोंड करून बसवण्याची फॅशन आहे, तीत नेमके हेच होते. त्याऐवजी 'रेडियम' लावले तर? या चमकत्या पट्ट्यांना आपल्याकडे हे नाव कसे चिकटले कोण जाणे, त्यांत रेडियम मुळीच नसते. काचेचे सूक्ष्म मणी किंवा तेच बारीक कोपरे असतात. चांगल्या प्रतीची लाल पट्टी उभी लावली तर ती उपयोगाची आहे, पण ती मूळ चकतीच्या जोडीला असावी, तिच्या जागी नव्हे.

दिव्यांच्या बाबतीत मात्र आम्ही मुलांच्या बाजूचे आहोत, निदान अर्धे. जुन्या धर्तीच्या गाडीत मागे दोन तारांचा एक बल्ब असतो, रात्रभर जळणारी ५ वॅटची तार आणि ब्रेकची २१ वॅटची. तार तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एलईडी जवळजवळ तत्क्षणी लागतो. मागून ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्याला तेवढ्यात तीन मीटरहून अधिक अंतर मिळते. ही सुधारणा खरी आहे. पण ५ आणि २१ यांतील चौपटीचा फरक हीच मागच्याला कळणारी भाषा आहे. स्वस्त एलईडी दिव्यात ब्रेक न दाबताही झगझगाट असतो आणि दाबल्यावर किंचितच वाढतो, तेव्हा तो काहीच सांगत नाही. धुरकट काळ्या काचेचे दिवे तर विकत घेऊच नयेत.

इंडिकेटर बदलले की ते वेड्यासारखे भराभर लुकलुकू लागतात, ही नेहमीची तक्रार. १० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर प्रवाह घेतात, १ वॅटचे दोन एलईडी त्याच्या दशांश. फ्लॅशर रिलेला वाटते, एक बल्ब उडाला, आणि तो ठरल्याप्रमाणे गती वाढवून तसे कळवतो. यावर रोधक जोडण्याचा उपाय सांगतात. त्याने गती जागेवर येते, पण वाचवलेले वॅट त्या रोधकात उष्णता होऊन जातात आणि जवळचे प्लॅस्टिक तापते. एलईडीसाठी बनवलेला रिले घालणे हाच योग्य मार्ग. वायर कापून पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळू नये, एका पावसाळ्यात तांबे हिरवे पडते. गाडीच्या मूळ जोडणीत बसणारे कनेक्टर मिळतात, ते घ्यावेत, म्हणजे मूळ वस्तू परतही लावता येतात.

नंबर प्लेटचे काय? १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट येते. तिची खीळ एकदाच बसते, काढली की मोडते. म्हणून प्लेट हलवण्याचा बेत आखणाऱ्याने आधी हे पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे फेरफार करू देत नाही, हेही मुलांच्या कानावर घालावे.

एवढे करूनही फेरफार केलाच तर त्याची परीक्षा रात्री घ्यावी. गाडी सपाट जागी उभी करावी आणि तिच्यावर दोघांनी बसावे, कारण मागे वजन आले की शेपूट खाली कलते आणि दिव्यांचे, चकतीचे सगळे कोन बदलतात. तिसऱ्याने १०० पावले मागे जाऊन विजेरी अगदी डोळ्याशेजारी धरावी आणि पाहावे. विजेरी हातभर खाली धरली तर चकती मंद दिसते. परतणारा प्रकाश विजेरीकडे जातो, डोळ्याकडे नाही.