हँडिकॅप म्हणजे सरासरी नव्हे

"माझा हँडिकॅप 18. म्हणजे पार 72 च्या कोर्सवर मी 90 मारायलाच हवेत. पण एका रविवारी 91 होतात, पुढच्या रविवारी थेट 100. माझ्या खेळात सातत्यच नाही हो!"

हौशी गोल्फरांची ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता सांत्वन करण्याऐवजी एकच प्रश्न विचारावासा वाटतो: हँडिकॅप कसा काढतात, ठाऊक आहे का? बहुतेकांना नसतं. ज्या आकड्यावरून ते स्वतःला नापास ठरवतात, तो आकडा कुठून आला हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

गोल्फची गोडी लागलेली माणसं आता आपल्या जुन्नर-आंबेगावकडेही भेटतात. खेळायचं तर येरवड्याचं पूना क्लब गोल्फ कोर्स किंवा बावधनचं ऑक्सफर्ड गाठावं लागतं. मंचरहून साठेक किलोमीटर, नारायणगावहून पंचाहत्तरेक, आणि मध्ये चाकणची कोंडी. पहाटे निघायचं, चार-साडेचार तास खेळायचं आणि परतताना पूर्ण रस्ताभर "आज पुन्हा घोटाळा झाला" म्हणत हळहळायचं. मग कुणी ग्रिप बदलतो, कुणी कोच, कुणी महागडा ड्रायव्हर घेतो. चूक स्विंगमध्ये असेलही, पण त्याआधी ती हिशेबात आहे.

सर्वांत मोठा गैरसमज: हँडिकॅप म्हणजे माझा नेहमीचा स्कोअर

पूर्वी जगात हँडिकॅप काढण्याच्या सहा निरनिराळ्या पद्धती होत्या. त्या एकत्र करून 2020 पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आली. तिचा गाभा सोपा आहे. तुमचे शेवटचे 20 राउंड घ्यायचे, त्यातले सर्वांत चांगले 8 निवडायचे आणि फक्त त्या आठांची सरासरी काढायची. कोर्स अवघड की सोपा यानुसार आकडे आधी जुळवून घेतात, पण निवड आठांचीच. उरलेले 12 राउंड सरासरीत येतच नाहीत.

हे कागदावर मांडून पाहू. समजा एका खेळाडूने पार 72 च्या, मध्यम अवघड कोर्सवर 20 राउंड खेळले. त्याचे चांगले आठ स्कोअर असे: 88, 89, 90, 90, 91, 91, 92, 93. त्यांची सरासरी 90.5, म्हणजे हँडिकॅप साडेअठराच्या आसपास. बाकीचे बारा असे: 94, 94, 95, 95, 96, 96, 97, 98, 98, 99, 100, 102. आता सगळ्या वीस राउंडांची सरासरी काढा. ती 94.4 येते. म्हणजे हा माणूस सरासरीने आपल्या हँडिकॅपपेक्षा चार फटके जास्तच मारतो. हँडिकॅपइतका किंवा त्याहून चांगला स्कोअर त्याने 20 पैकी 4 वेळा केला, पाचांत एकदा.

यात त्याचं काही बिघडलेलं नाही. अमेरिकेतली गोल्फची नियामक संस्था यूएसजीए हेच सांगते: खेळाडूने आपल्या हँडिकॅपला उतरावं ते साधारण चार-पाच राउंडांत एकदा, आणि त्याचा सरासरी स्कोअर हँडिकॅपपेक्षा काही फटके वरच असायचा. हँडिकॅप तुमची क्षमता मोजतो, तुमची सवय नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या कॅरेटला हंगामात मोजक्या दिवशी लागलेला चढा भाव आणि हंगामभर हातात पडलेला भाव यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला समजावून द्यावा लागत नाही. चढ्या भावावर वर्षाचा खर्च बांधणाऱ्याला घरचेच वेड्यात काढतील. गोल्फर मात्र आपल्या चढ्या भावालाच रोजचा भाव समजतो आणि दर रविवारी निराश होतो.

याच पद्धतीत आणखी एक नियम आहे, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. एखाद्या होलवर कितीही फटके गेले तरी हँडिकॅपसाठी ते एका मर्यादेपर्यंतच धरतात: पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे हँडिकॅपचे फटके. 18 हँडिकॅपवाल्याला प्रत्येक होलवर एक फटका मिळतो, म्हणून पार 4 वर त्याचे 9 झाले तरी हिशेबात 7 धरतात. हौशी माणसाच्या राउंडमध्ये एखादा होल हाताबाहेर जाणारच, हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरलं आहे. मग "ते दोन होल सोडले तर आज 88 झाले असते" हे वाक्य कशाला? ते दोन होल तुमच्या खेळाचाच भाग आहेत. ते सोडता येत नाहीत, त्यांची किंमत तेवढी कमी करता येते.

त्याच्या पोटातला गैरसमज: चांगल्या खेळाडूचा प्रत्येक फटका सारखा बसतो

टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या पुण्याचा उदयन माने भारतातर्फे खेळला. 2021 च्या त्या स्पर्धेत पार 71 च्या कासुमिगासेकी कोर्सवर पहिल्या दिवशी त्याने 76 मारले, दुसऱ्या दिवशी 69. माणूस तोच, कोर्स तोच, आणि एका रात्रीत सात फटक्यांचा फरक. ज्याचा हा पोटापाण्याचा धंदा आहे त्याच्या स्कोअरमध्ये इतकी चढ-उतार होते, तर आठवड्यातून एकदा, तेही जमलं तर खेळणाऱ्याने दोन रविवारांतल्या नऊ फटक्यांचं दुःख किती करावं?

अमेरिकेच्या पीजीए टूरवर प्रत्येक फटका मोजून नोंदवला जातो. त्या नोंदींनुसार तिथले खेळाडू टीवरून मारलेल्या दहा फटक्यांपैकी साधारण सहाच फेअरवेवर ठेवतात. आठ फुटांवरचा पट ते निम्म्याच वेळा घालतात. दूरदर्शनवर मात्र आपल्याला त्या दिवशी सर्वांत आघाडीवर असलेल्यांचेच फटके दिसतात. ते पाहून आपण मनात एक खोटं माप तयार करतो, आणि आठ फुटांचा पट चुकला की मान खाली घालून पुढच्या टीवर जातो. तिथला फटका त्या उदासीत आणखी बिघडतो.

"पहिले नऊ होल मस्त गेले, मग नजर लागली"

नजर लागत नाही. ज्याचा स्कोअर 95 च्या आसपास असतो, त्याला नऊ होलांना साधारण 47 ते 48 फटके लागतात. एखाद्या सकाळी पहिल्या नऊत 42 झाले, तर ते त्याच्या नेहमीपेक्षा फारच चांगले आहेत. पुढच्या नऊत 48 झाले तर तो फक्त आपल्या जागेवर परत आला. संख्याशास्त्रात ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे: असाधारण कामगिरीनंतर साधारण कामगिरी येण्याची शक्यताच जास्त. पण खेळाडूला ती पडझड वाटते. "आता 85 होणार" असं गणित दहाव्या टीवर मांडलेलं असतं. ते चुकायला लागलं की तो भरपाईसाठी झाडीतून, दोन फांद्यांमधल्या फटीतून ग्रीनवर मारायला जातो. तिथे 48 चे 53 होतात. 42 नंतरचे 48 स्वाभाविक होते, वरचे पाच फटके मात्र त्याने स्वतः ओढवून घेतले.

मग सातत्य म्हणजे काय?

हौशी खेळाडूसाठी सातत्य म्हणजे वाईट फटक्याची किंमत कमी ठेवणं. वाईट फटके बसणारच. प्रश्न एवढाच की त्या एका फटक्यामुळे एकच फटका वाढला की चार.

बॉल झाडीत गेला की सर्वांत मोकळ्या वाटेने, गरज पडली तर आडवा, फेअरवेवर आणा. फार तर बोगी होईल. ग्रीनवर मारताना झेंड्याकडे न पाहता ग्रीनच्या मध्याकडे निशाणा धरा. आणि एक नंबर मोठा क्लब घ्या, कारण हौशी खेळाडूंचे चुकलेले फटके बहुतेक ग्रीनच्या अलीकडेच पडतात. 7 आयर्न एकदा 150 यार्ड गेला होता, म्हणून तो दर वेळी तेवढा जात नाही. इथेही चढ्या भावाचीच चूक. बंकरमधून पहिलं काम बाहेर पडणं, झेंड्याजवळ ठेवणं नंतरचं.

क्लबमध्ये स्टेबलफर्ड पद्धतीचे सामने असतील तर ते आवर्जून खेळा. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरांची ही पद्धत 1932 मध्ये वॉलसीच्या क्लबवर खेळली गेली. तिच्यात प्रत्येक होलला गुण मिळतात, आणि होल कितीही बिघडला तरी शून्याखाली जाता येत नाही. बॉल उचलायचा आणि पुढच्या होलला ताज्या मनाने उभं राहायचं. ही सवय लागली की ती साध्या राउंडमध्येही उपयोगी पडते.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

"शेवटचे होल बिघडतात कारण वय झालं." आधी पाण्याची बाटली तपासा. अठरा होल चालत खेळलात तर आठ-दहा किलोमीटर चाल होते, तीही उन्हात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगल्या हँडिकॅपच्या मोजक्या गोल्फरांच्या शरीरातलं पाणी किंचित कमी झाल्यावर त्यांच्या फटक्यांचं अंतर घटलं, दिशा बिघडली आणि अंतराचा अंदाजही चुकू लागला. अभ्यास छोटा आहे, पण सल्ला फुकटचा आहे: तहान लागायची वाट पाहू नका. दर दोन-तीन होलांनी घोटभर पाणी घ्या, मधूनमधून केळं किंवा शेंगदाणे-गूळ खा. दहाव्या टीवर एकदाच पेलाभर ग्लुकोज पिऊन काम भागत नाही.

"पहिले तीन होल वाया जाणारच." दोन तास गाडीत बसून आलेला माणूस डिकीतून बॅग काढून थेट पहिल्या टीवर उभा राहिला तर वाया जाणारच. ऑस्ट्रेलियातल्या हौशी गोल्फरांवरच्या 2004 च्या एका अभ्यासात नियमित वॉर्म-अप करणाऱ्यांच्या क्लबचा वेग स्पष्टपणे वाढलेला दिसला. चाकणची कोंडी धरून अर्धा तास आधी निघा. खांदे, कंबर, मांड्या मोकळ्या करा आणि थोडे पट मारून ग्रीनचा वेग पाहून घ्या.

"डोकं खाली ठेव, बॉलवरून नजर हलवू नकोस." ॲनिका सोरेनस्टॅमचं डोकं बॉलला क्लब लागतानाच लक्ष्याकडे वळलेलं असायचं. तिने एलपीजीए टूरवर 72 स्पर्धा जिंकल्या. डोकं जबरदस्तीने खाली दाबून धरलं की खांदे अडकतात आणि फटका उलट जास्त बिघडतो.

"रेंजवर एकाच क्लबने शंभर बॉल मारले की हात बसतो." रेंजवर बसतो, कोर्सवर नाही. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्येच दाखवलं की एकच हालचाल सलग घोटली तर सरावात ती छान दिसते, पण हालचाली आलटून पालटून केल्या तर शिकलेलं जास्त टिकतं. दर बॉलला क्लब आणि लक्ष्य बदला. कोर्सवर तुम्हाला तसंच खेळायचं असतं.

"खरा स्कोअर पटिंगवर ठरतो." कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांचा हिशेब केला. चांगल्या आणि सामान्य खेळाडूंतल्या स्कोअरच्या फरकापैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाटा 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांचा निघाला. पटिंगचा सराव जरूर करा, पण सगळा दोष पटरच्या माथी मारू नका.

"पावसाळ्यात हवा जड होते, म्हणून बॉल जात नाही." दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. बॉल कमी जातो तो ओल्या जमिनीवर घरंगळत नाही म्हणून, आणि बॉल नि क्लब यांच्यात पाणी येतं म्हणून. हवा खरोखर जड असते ती डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी. तेव्हा एक क्लब मोठा घ्या.

"संथ स्विंग म्हणजे स्थिर स्विंग." उत्तम खेळाडूंत भरभर मारणारेही आहेत आणि संथही. लय आपली असावी आणि ती पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत तीच राहावी.

आता एक काम करा. गेल्या पाच राउंडांची कार्डं काढा. एकूण स्कोअर बाजूला ठेवा आणि प्रत्येक कार्डावर डबल बोगी किंवा त्याहून वाईट होल किती झाले ते मोजा. त्यातले किती होल एका वाईट फटक्याने बिघडले आणि किती त्यानंतरच्या अविचारी फटक्याने, हे आठवून शेजारी लिहा. दुसऱ्या प्रकारचे होल कमी करायला नवा ड्रायव्हर लागत नाही, कोच लागत नाही, येरवड्याला जादा फेरीही लागत नाही. पुढच्या वीस राउंडांत तो आकडा निम्म्यावर आणलात तर तुमची सरासरी हँडिकॅपच्या जवळ सरकेल. हौशी खेळाडूने मागावं असं सातत्य तेच आहे, आणि ते मिळवण्यासारखं आहे.