सात सांगाडे, साडेचार महिने

अपोलोनिअसच्या ‘आर्गोनॉटिका’त सोनेरी लोकर आणायला निघालेल्या जेसनला टॅलॉस हा काशाचा राक्षस परतीच्या वाटेवर, क्रीटच्या किनाऱ्याशी भेटतो. त्याला लोळवते जेसनच्या प्रेमात पडलेली जादूगार राजकन्या मीडिया, तेही दृष्ट लावून. १९६३च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ चित्रपटात तो जातानाच आडवा येतो आणि जेसन त्याच्या टाचेतलं झाकण उघडतो. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातल्या काव्याची ही उलथापालथ मला खटकत नाही. पहिल्या तासात राक्षस दिसला नाही, तर प्रेक्षक खुर्चीत कशाला बसेल?

मी मुलांना ॲनिमेशन शिकवतो. त्यांना मी याच चित्रपटातली सांगाड्यांची लढाई थांबवून थांबवून दाखवतो. काव्यात पेरलेल्या ड्रॅगनच्या दातांतून सशस्त्र योद्धे उगवतात. चित्रपटाचा ॲनिमेटर रे हॅरीहाउसेननं त्यांचे सांगाडे केले. आधी नट हवेतच तलवारी फिरवत होते. मग ते चित्रण बाहुल्यांच्या मागच्या पडद्यावर एकेक चौकट पुढे सरकवायचं, आणि प्रत्येक चौकटीला सातही सांगाड्यांचे हातपाय केसभर हलवायचे. सेकंदाला चोवीस चौकटी, आणि काही दिवशी तेवढ्याही पुऱ्या होत नसत! काही मिनिटांच्या लढाईला साडेचार महिने लागले.

खरा तोटा मीडियाचा. काव्याचा तिसरा सर्ग तिच्या तळमळीनं भरलेला आहे. चित्रपटात ती शेवटाकडे येते, नाचते, प्रेमात पडते, बस्स. परतीचा प्रवास तर गाळलाच आहे. लोकर हाती लागते, जहाज निघतं आणि झ्यूस सांगतो, जेसनचा खेळ अजून संपलेला नाही.