खोडू नको, सात पुन्हा भेटेल

गेल्या रविवारी सहावीतली माझी मुलगी एकाला सातने भागत बसली होती. भागाकार काही संपेना. ‘बाबा, काहीतरी चुकलंय, तेच तेच अंक परत येताहेत,’ म्हणत तिने खोडरबर उचललं. मी म्हटलं, ‘थांब, खोडू नको.’

तिच्या उत्तरात १४२८५७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येत होते. या संख्येची गंमत अशी:

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात बदलते. आणि सातने गुणलं की ९९९९९९!

‘पण असं का होतं?’ तिने विचारलं. मी सवयीने लॅपटॉप उघडला. दोन ओळींच्या प्रोग्रॅमने गुणाकार दिले, कारण दिलं नाही. ते तिच्या वहीतच होतं. भागाकारातल्या बाक्या पाहा: १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य असतात आणि इथे त्या सगळ्या एकाच फेरीत येतात. म्हणून दोनाला सातने भागा किंवा पाचाला, आपण त्याच फेरीत वेगळ्या जागी शिरतो, एवढंच.

आता या संख्येचा वर्ग करा: २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करून मिळवा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७! अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ९, ४५, २९७ याही त्यातल्याच. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

आपल्या सचिन स्टेशनवरून मुंबईकडे निघालं की वाटेत डहाणू लागतं. द. रा. कापरेकरांचा जन्म तिथे १७ जानेवारी १९०५ रोजी झाला. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदवीपुढचं गणिताचं शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. त्यांचं काम किरकोळ समजणारे गणितज्ञही होते. तरी ते आकड्यांशी खेळत राहिले. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं.

शाळेत आम्हाला उत्तर लवकर काढायला शिकवलं. मीही मुलीला तेच सांगत आलो होतो. उत्तर ‘चुकतंय’ असं वाटलं की खोडून टाकायची घाई तिने माझ्याकडूनच उचलली असणार.

बालमित्रांनो, आता तुम्ही एकाला १३ ने आणि मग १७ ने भागून पाहा. एकात सगळ्या बाक्या येतात, दुसऱ्यात येत नाहीत. कशात, ते मी सांगणार नाही. आमच्या घरी पूर्ण पान भरलं. खोडरबर डब्यातच राहिलं.