मंद्रूपच्या उन्हात सदतीस अंश

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याने दक्षिणेला निघालं की मंद्रूप लागतं. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारीचा मुलूख. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. तरीही रानात काम करणाऱ्या माणसाच्या शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपासच राहतं, कष्टाच्या कामात फार तर अंशभर वाढतं. शाळेत आपण श्वसनसंस्था, पचनसंस्था, रक्ताभिसरण, उत्सर्जन असे वेगवेगळे धडे पाठ करतो. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र त्या सगळ्या एकाच कामाला जुंपलेल्या असतात. शरीर समजून घ्यायचं तर या ३७ अंशांचा माग काढावा, असं मला मनापासून वाटतं.

उष्णता फक्त सूर्याकडून येत नाही. एप्रिलमध्ये द्राक्षबागेत खरड छाटणी चालते. कात्री चालवणाऱ्या हाताचे स्नायू भाकरीतून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामात आणतात, बाकीची उष्णता होते. ही उष्णता रक्त उचलतं आणि कातडीपर्यंत आणून सोडतं. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तर उष्णता आपोआप हवेत निघून जाते. हवा ४३ अंशांवर गेली की हा व्यवहार उलटतो आणि हवेची उष्णता शरीरात शिरू लागते. मग शरीराच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. रक्ताचं तापमान किंचित वाढलं तरी त्याला कळतं. तिथून मज्जातंतूंमार्फत निरोप सुटतो आणि कातडीतल्या वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी कामाला लागतात. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं तेही याच नियमाने. यात वाळणं महत्त्वाचं. अंगावरून टपकून गेलेला घाम गारवा देत नाही, म्हणून मुंबईच्या दमट हवेत माणूस भिजतो तरी त्याचा उकाडा कमी होत नाही. सोलापूरकडची कोरडी हवा त्या मानाने बरी, पण तिचा एक धोका आहे. इथे घाम येतो तसा वाळून जातो, अंग ओलं होतच नाही. त्यामुळे किती पाणी गेलं याचा अंदाज लागत नाही. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात, त्यावरून ओळखायचं. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त घाम जातो.

हे पाणी येतं कुठून? रक्तातून. मोठ्या माणसाच्या अंगात जेमतेम पाच लिटर रक्त, त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग पातळ द्रवाचा. घाम त्यातून निघतो आणि पेशींभोवतालचं व पेशींमधलं पाणी मागून ती तूट भरत राहतं. इथे खरी ओढाताण हृदयाची होते. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवतं. तीव्र उन्हात एकट्या कातडीलाच सात-आठ लिटर लागू शकतं, शिवाय स्नायूंची मागणी असतेच. रक्त कमी आणि मागणी जास्त, म्हणून ठोके वाढतात आणि पोटाकडचा पुरवठा आखडता घेतला जातो. भर उन्हात मळमळतं, जेवण जात नाही, बसलेलं माणूस झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, ते यामुळेच. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळ्यात त्या कशा घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारावं. मनाने बंद करू नयेत.

मूत्रपिंडं एरवी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत पाठवतात. पाणी कमी पडलं की मेंदूकडून संप्रेरक येतं आणि ती आणखी काटकसर करतात. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. आडोसा नाही म्हणून रानात गेलेल्या कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. घट्ट लघवीने मुतखडा होतो, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांतल्या ऊसतोड कामगारांमध्ये तरुण वयातच मूत्रपिंडं निकामी झालेली आढळली. रोजचं ऊन, रोजचे कष्ट आणि रोजची पाण्याची तूट हे त्यामागचं एक प्रमुख कारण मानलं जातं. आपलाही भाग उसाचाच आहे.

गेलेलं पाणी परत येतं आतड्यातून. लहान आतड्याच्या अस्तरात साखर आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर, मीठ-साखरेचं पाणी पाजून, कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रोजच्या कामाला साधं पाणी, मीठ घातलेलं ताक आणि भाकरीबरोबरची शेंगाचटणी एवढ्याने बहुतेकांचं भागतं. फक्त तहान लागायची वाट पाहू नये, ती उशिरा लागते.

शरीर ऊन शिकतंही. आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. म्हणूनच उन्हाळ्याचे पहिले दिवस जास्त घातक, आणि मे महिन्यात लग्नासाठी पुण्याहून आलेल्या पाहुण्यालाही सांभाळावं लागतं. सरावलेल्या माणसाला पाणी कमी लागत नाही, उलट जास्त लागतं.

या सगळ्याला मर्यादा आहे. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदूच डगमगतो. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. हा उष्माघात. कातडी कोरडी असेलच असं नाही, ओलीही असू शकते. अशा वेळी कांदा हुंगवत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि हे करत असतानाच १०८ ला फोन लावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतणं थांबवू नका.