सोंगाची माया

गेल्या दिवाळीत माझी धाकटी बहीण मुलाला घेऊन माझ्याकडे राहायला आली होती. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. पण अभ्यासापेक्षा अमेरिकन कॉमिक्सचा नाद मोठा. फराळाला बसलो असता कशावरून तरी मी म्हटले, ‘‘सगळी सोंगे आणता येतात बाई, पैशाचे सोंग तेवढे आणता येत नाही!’’ तोच हा पठ्ठ्या चकली मोडता मोडता म्हणाला, ‘‘मावशी, आमच्या कॉपीकॅटचे उलटे झाले. तिने पैशासाठी सोंग आणले, आणि ते सोंगच तिच्या अंगाशी आले.’’

मराठी शिकवणाऱ्या बाईच्या तोंडावर कुणी म्हणीची अशी फिरवाफिरव केली, तर ती बाई गप्प कशी बसेल? ‘‘कोण ही तुझी कॉपीकॅट?’’ मी विचारले. त्याने अंकांचा गठ्ठाच माझ्यापुढे टाकला. प्रथम हसत हसत, मग चष्मा पुसत, मी तो तीन रात्रींत संपवला.

वाचकहो, ज्यांचा या दुनियेशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी हकिकत सांगते. मार्व्हल नावाच्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या कथांमध्ये म्युटंट नावाची माणसे असतात. त्यांच्या अंगी जन्मतःच काही विलक्षण शक्ती असते आणि त्यापायी जग त्यांना भिते. अशा काही तरुण मुलामुलींना केबल नावाचा एक जुना, रापलेला शिपाई लढाईचे शिक्षण देत असतो. १९९१ साली ‘न्यू म्युटंट्स’ या मासिकाच्या ९८ व्या अंकात डॉमिनो नावाची बाई त्याला येऊन मिळते. पांढरीफटक कांती, डाव्या डोळ्याभोवती काळा डाग, धंदा भाडोत्री लढवय्याचा. केबलची ही जुनी सोबतीण. त्याच अंकात डेडपूल नावाचा दुसरा भाडोत्री मारेकरी केबलच्या जिवावर उठलेला असतो. डॉमिनो येते ती त्याच्या पाठीत सुरी फेकूनच. अशा बाईवर कोण अविश्वास दाखवील?

दोन अंकांनी ते मासिक बंद झाले आणि त्याच्या जागी ‘एक्स-फोर्स’ सुरू झाले. त्याच्या पहिल्या अंकाच्या सुमारे ५० लाख प्रती खपल्या. (प्रत्येक प्रतीबरोबर एक चित्रपत्ता होता, पत्ते पाच प्रकारचे होते, आणि पाचही हवेत म्हणून एकेकाने पाच-पाच प्रती घेतल्या, हा त्यातला व्यापार!) या अंकांतून डॉमिनो त्या मुलांबरोबर राहिली, लढली, त्यांच्याबरोबर जेवली. आणि १९९२ साली ११ व्या अंकात फेबियन निसिएझा आणि रॉब लिफेल्ड या जोडीने वाचकांच्या पायाखालची सतरंजी ओढली. ही डॉमिनो नव्हेच! खरी डॉमिनो एवढे दिवस टॉलिव्हर नावाच्या शस्त्रांच्या व्यापाऱ्याच्या कैदेत होती. ही होती व्हॅनेसा कार्लाइल ऊर्फ कॉपीकॅट. कुणाचेही रूप घेऊ शकणारी आणि त्या रूपाचे भाडे घेणारी. टॉलिव्हरने तिला पैसे देऊन केबलच्या घरात हेर म्हणून पेरले होते. फसले होते ते केवळ केबल आणि त्याची पोरे नव्हेत. वर्षभर पदरचे पैसे मोजून अंक घेणारे वाचकही फसले होते.

आपल्या गावोगाव फिरणारा बहुरूपीही सोंगे आणतो. पण त्याचे सोंग हे सोंग आहे, हे बघणाऱ्याला ठाऊक असते. तो पोलीस होऊन दारात दरडावतो, पोरे घाबरतात, मोठी माणसे हसतात आणि शेवटी तो नमस्कार करून बिदागी घेऊन जातो. हेराचे तसे नाही. त्याची बिदागी तिसराच कुणीतरी देतो, आणि ज्यांच्यासमोर सोंग वठवायचे त्यांना त्याचा पत्ता लागता कामा नये.

आता खरी गोष्ट. टॉलिव्हरकडून त्या पोरांचा घात करण्याचा हुकूम आला, तेव्हा व्हॅनेसाला तो पाळवेना. चेहरा दुसरीचा होता, नाव दुसरीचे होते, पगार शत्रूचा होता. पण वर्षभर ज्या पोरांना सांभाळले त्यांच्याविषयी वाटलेली माया मात्र तिची स्वतःची होती. तिचे सोंग अंगाशी आले म्हणतात ते असे.

या दुनियेत रूप पालटणारी दुसरी एक बाई तिच्यापेक्षा पुष्कळ प्रसिद्ध आहे: निळ्या कांतीची मिस्टिक. क्रिस क्लेअरमाँट आणि डेव्ह कॉक्रम यांनी ती १९७८ साली जन्माला घातली. तीही पक्की पाताळयंत्री. १९८५ च्या कथांत तिने आपल्या टोळीसकट अमेरिकन सरकारची चाकरी पत्करली. २००३ साली सुरू झालेल्या तिच्या स्वतंत्र मालिकेत ती, एके काळी जे तिचे विरोधक होते त्या प्रोफेसर झेवियरसाठी, गुप्तहेराची कामे करते. पण मिस्टिकला स्वतःचा अभिमान आहे. २००३ च्याच चित्रपटात तिला कुणी विचारते, की कायम सामान्य माणसाच्या रूपात का राहत नाहीस? त्यावर, तसे राहण्याची पाळी आपल्यावर का यावी, अशा अर्थाचे उत्तर ती देते. व्हॅनेसाजवळ असा ताठा नाही. पूर्वायुष्यात तिने देह विकून पोट भरले होते. तेव्हा तिच्यावर प्रेम करणारा वेड विल्सन स्वतःला कर्करोग झाल्याचे कळताच तिला सोडून गेला, आणि पुढे तोच डेडपूल झाला. पहिल्या भेटीत तिने जिच्या पाठीत सुरी फेकली ती पाठ कुणाची होती, हे मागाहून कळल्यावर माझ्या हातातला चहा निवून गेला.

पण मला सर्वांत जास्त टोचले ते पुढचे. खरी डॉमिनो सुटून आली आणि यथावकाश त्याच पोरांच्यात सामील झाली. तिच्या नावावर वर्षभराचा विश्वास आयताच जमा होता. तो जमवला होता दुसऱ्याच बाईने, आणि तिच्या वाट्याला आला तो दगलबाज हा शिक्का. तो खोटा होता असेही म्हणवत नाही. पोरांना तिने फसवले होतेच. फसवणूकही खरी आणि मायाही खरी. ज्याची फसवणूक झाली त्याने त्या मायेचे काय करावे, याचे उत्तर मला त्या गठ्ठ्यात सापडले नाही.

हसू नका, पण मला यात माझेच काहीतरी दिसले. नोकरीच्या सुरुवातीला एका कॉलेजात मी रजेच्या जागेवर वर्षभर शिकवले. तिथल्या बाई बाळंतपणाच्या आणि मग आजारपणाच्या रजेवर होत्या. वेळापत्रकावर नाव त्यांचेच राहिले होते. मुली मला त्यांच्याच नावाने हाक मारीत; दोनदा सुधारले, मग मीही ओ देऊ लागले. मी कुणाला फसवले नव्हते. पण जागा माझी नव्हती, हे खरे. वर्ष सरले, बाई परत आल्या, आणि मी शेवटचा पगार घेऊन बाहेर पडले. स्नेहसंमेलनाच्या फोटोत मी नाही. तो मागाहून निघाला.

भाच्याला मी हे सांगितले नाही. त्याला एवढेच म्हटले, ‘‘तुझी कॉपीकॅट चांगली आहे रे.’’ तो म्हणाला, ‘‘मावशी, ती व्हिलन आहे!’’ मी म्हटले, ‘‘असेल.’’

पण त्यानंतर महिन्याभराने एस.टी. स्टँडवर एक प्रौढ बाई धावत माझ्याकडे आली. कडेवर मूल होते. त्या वर्षीची माझी विद्यार्थिनी! तिने वाकून नमस्कार केला, मुलाला म्हणाली, ‘‘या बघ माझ्या बाई,’’ आणि पुढे त्या दुसऱ्या बाईंचे नाव घेतले.

मी तिला सुधारले नाही. मुलाच्या गालाला हात लावला आणि पर्समधला लाडू त्याच्या हातावर ठेवला.