प्रकाश थकतो, की काळच ताणला जातो?

विश्व प्रसरण पावते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण अवकाश ताणले जात असेल, तर लांबच्या घटनांचा काळही ताणलेला दिसला पाहिजे. हे प्रत्यक्ष मोजून दाखवायला खगोलशास्त्रज्ञांना १९२९पासून सदुसष्ट वर्षे लागली.

अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर १९१२पासून दीर्घिकांचे वर्णपट टिपत होता. देवयानी दीर्घिका आपल्याकडे येताना दिसली. पुढे पाहिलेल्या बहुतेक दीर्घिकांच्या वर्णरेषा मात्र लाल टोकाकडे सरकलेल्या होत्या, म्हणजे त्या दूर जाताना दिसत होत्या. बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज लमेत्रने १९२७मध्ये त्याचा अर्थ आइन्स्टाइनच्या समीकरणांतून लावला, की विश्वच प्रसरण पावते; पण त्याचा फ्रेंच लेख फारसा कुणी वाचला नाही. १९२९मध्ये एडविन हबलने दाखवले, की दीर्घिका जितकी दूर, तितके हे सरकणे जास्त.

त्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकीने वेगळाच तर्क मांडला. दीर्घिका कुठेही पळत नाहीत; लांबच्या प्रवासात प्रकाशच थकतो, त्याची ऊर्जा झिजते आणि तो लाल होतो. कल्पना बिनतोड होती. नुसत्या वर्णपटावरून ती खोडता येत नव्हती.

ती खोडण्याची युक्ती ऑलिन विल्सनने १९३९मध्ये सुचवली: सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट पावलेला तारा, किती दिवसांत विझतो ते पाहा. समजा, दूरच्या दीर्घिकेतून एका दिवसाच्या अंतराने प्रकाशाचे दोन झोत निघाले. वाटेत अवकाश दीडपट झाले, तर प्रकाशलहर दीडपट लांबते आणि त्या दोन झोतांमधले अंतरही. दुसरा झोत इथे दीड दिवसाने पोचतो. तिकडे वीस दिवसांत उजळलेला सुपरनोव्हा आपल्याला उजळायला तीस दिवस घेताना दिसेल. थकलेला प्रकाश मात्र नुसता लाल होईल, त्याचे वेळापत्रक बदलणार नाही.

पण इतके दूरचे सुपरनोव्हा तेव्हाच्या दुर्बिणींच्या आवाक्यात नव्हते. मधली काही दशके दुसऱ्याच वादाने गाजवली: विश्वाला आरंभ आहे का? कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या बाजूने, म्हणजे महास्फोटाच्या विरोधात उभे राहिले. इथे अनेकांची गफलत होते. हॉइल यांच्या स्थिर स्थिती सिद्धांतातही विश्व प्रसरण पावतेच. नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून घनता तेवढी कायम राहते. प्रसरण दोन्ही पक्षांना मान्य होते.

१९९५मध्ये चिलीतून एसएन १९९५के हा सुपरनोव्हा सापडला. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी जवळजवळ दीडपट झाली होती, आणि त्याचे उजळणे-विझणेही तितकेच लांबले होते. १९९६मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि विल्सनची युक्ती फळाला आली.

क्वासार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची लखलखती केंद्रे, मात्र हट्टी निघाले. त्यांचे लुकलुकणे अनियमित. आधीच्या काही पाहण्यांत काळाचा ताण दिसलाच नाही आणि शंकेखोरांना निमित्त मिळाले. अखेर गेराइंट लुइस आणि ब्रेंडन ब्रूअर यांनी १९० क्वासारांच्या दोन दशकांच्या नोंदी चाळल्या. विश्व एक अब्ज वर्षांहून थोडे अधिक वयाचे असतानाच्या घटना आज पाचपट संथ दिसतात, असे त्यांनी २०२३मध्ये दाखवले. लगेच २०२४मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेच्या १,५०४ सुपरनोव्हांचा हिशेब आला. काळाचा ताण सिद्धांताने सांगितला होता तेवढाच भरला आणि झ्विकीचा थकलेला प्रकाश पुन्हा एकदा बाद झाला.